रीसेटचे बटण कोण दाबणार?

आपल्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आर्डुइनोवर चालणाऱ्या प्रकल्पांची संख्या दरवर्षी वाढते आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. टाकी भरली की मोटर बंद करणारे यंत्र, कुंडीतली माती सुकली की पाणी सोडणारे यंत्र, दाराशी कोणी आले की आजीच्या खोलीत दिवा लावणारे यंत्र. पालक येतात, कौतुक करतात, फोटो काढतात. मध्येच एखादे यंत्र गप्प होते. मग मुलगा हळूच बोर्डावरचे छोटे बटण दाबतो, यंत्र पुन्हा सुरू होते आणि पाहुणे पुढच्या टेबलाकडे वळतात. काय झाले म्हणून विचारावे तर उत्तर ठरलेले: "हँग थई गयुं, सर." (घरी मराठी बोलणारी आमची मुले यंत्राविषयी मात्र गुजरातीतच बोलतात. असो.)

प्रदर्शनात हे चालून जाते, कारण बटणाशेजारी मुलगा उभा असतो. पण हेच यंत्र गच्चीवरच्या टाकीला लावले तर? बडोद्यात उत्तरायणाचे दोन दिवस सोडले तर गच्चीवर असते कोण? रात्री तीन वाजता तेथे जाऊन बटण दाबायला कोणी नसते. म्हणून आमचे असे मत आहे की, जो प्रकल्प माणसाच्या नजरेआड चालणार आहे त्याला अडकल्यावर स्वतः उठता आले पाहिजे, आणि ते कसे साधायचे हे आठवी-नववीपासूनच शिकवले पाहिजे. यासाठी लागणारी सोय मुलांच्या हातातल्या त्याच चिपमध्ये आहे. तिचे पैसे आपण केव्हाच दिलेले आहेत. तिचे नाव वॉचडॉग टायमर. आम्ही तिला राखणदार म्हणतो.

आधी हँग होणे म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण येथेच मोठा गैरसमज आहे. चिप दमते, तापते किंवा झोपते असे मुलांना वाटते. प्रत्यक्षात अडकलेली चिप अतिशय वेगाने काम करत असते, फक्त एकच काम पुन्हा पुन्हा. उनो बोर्डावरची एटीमेगा 328 ही चिप सेकंदाला एक कोटी साठ लाख ठोक्यांनी चालते. तिला सांगितलेले असते की डिस्प्लेकडून उत्तर येईपर्यंत थांब. उत्तर आले नाही, तर ती तेवढ्याच वेगाने "आले का, आले का" विचारत बसते. मोटर सुरू होताना तारेत उठणारा झटका, सैल जोड, लाइट जाता-येता व्होल्टेजने घेतलेली बुडी, अशी कारणे असतात. उनोची काम करण्याची स्मृती अवघी 2048 बाइट आहे. मजकूर जोडत जोडत ती भरून टाकली की त्यानेही प्रोग्रॅम भरकटतो.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट: प्रोग्रॅम अडकला म्हणून बाहेरच्या वस्तू आपोआप बंद होत नाहीत. पिनवर शेवटी जे सांगितले ते तसेच राहते. मोटर चालू असताना प्रोग्रॅम अडकला तर मोटर चालूच राहते. टाकी भरते, वाहते, खालचा हौद रिकामा होतो आणि पंप कोरडा फिरू लागतो.

ही कल्पनेतली भीती नव्हे. आमच्या दहावीच्या एका विद्यार्थ्याने आपल्या सोसायटीच्या टाकीसाठी असे यंत्र बसवले होते. ते दोन महिने उत्तम चालले. सोसायटीच्या सभेत त्याचे नाव निघाले, शेजारच्या इमारतीनेही विचारणा केली. दिवाळीच्या सुट्टीत बहुतेक घरांना कुलपे होती. एका रात्री मोटर सुरू झाली ती सकाळपर्यंत चालली आणि शेवटी जळाली. वाइंडिंगचा खर्च सोसायटीने दिला, मुलाला कोणी रागावले नाही, हे आवर्जून सांगायला हवे. पण खोके काढून ठेवले गेले आणि सेक्रेटरी काका एवढेच म्हणाले, "बेटा, शाळेत ठीक आहे, घराला पक्की वस्तू लागते." तो मुलगा पुढे बरेच दिवस प्रयोगशाळेकडे फिरकला नाही.

नंतर खोके उघडून पाहिले. दोष सापडला तो असा: टाकीची पातळी दाखवणारा डिस्प्ले दोन-अडीच मीटर लांबीच्या तारांनी जोडला होता आणि त्या मोटरच्या वायरीला खेटून गेल्या होत्या. या डिस्प्लेशी बोलायची जी आय-टू-सी नावाची पद्धत आहे, तिचा आर्डुइनोबरोबर मिळणारा प्रोग्रॅमचा तुकडा पूर्वी उत्तराची अमर्याद वाट पाहत असे. 2020 साली त्यात वाट पाहण्याला मर्यादा घालण्याची सोय आली, पण ती मुद्दाम चालू करावी लागते. बहुतेकांना ती ठाऊकच नसते. मुलाचे गणित बरोबर होते, पाण्याची पातळी बरोबर मोजली जात होती, रिलेही चांगला होता. फक्त "उत्तर आलेच नाही तर?" हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. शाळेनेच विचारायला हवा होता.

आता राखणदाराकडे वळू. चिपच्या आत एक स्वतंत्र मोजणी चालू असते. प्रोग्रॅमने ठरावीक वेळाच्या आत "मी जागा आहे" असे कळवायचे; कळवले की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू. वेळेत कळवले नाही तर राखणदार दुसरे काही विचारत नाही, सरळ रीसेट करतो. मुलाने बटण दाबावे तसेच, पण मुलाशिवाय. एटीमेगा 328 मध्ये ही मुदत 16 मिलिसेकंदांपासून 8 सेकंदांपर्यंत ठेवता येते. या मोजणीचा ठोका मुख्य क्रिस्टलवरून येत नाही, 128 किलोहर्ट्झच्या वेगळ्या अंतर्गत घड्याळावरून येतो. त्यामुळे मुख्य क्रिस्टल बंद पडले तरी राखणदार जागा असतो. प्रोग्रॅममध्ये याला लागतात तीन ओळी: वरती त्याची फाइल जोडायची, सुरुवातीला मुदत सांगायची आणि मुख्य लूपमध्ये एकदा हजेरी द्यायची. पॉलिटेक्निकच्या जुन्या कपाटांत 8051 घराण्यातली एटी89एस52 ही चिप अजून सापडते. तिच्यातही ही सोय आहे. तेथे हजेरी म्हणून दोन ठरलेले आकडे एकापाठोपाठ लिहावे लागतात, म्हणजे भरकटलेल्या प्रोग्रॅमकडून चुकून हजेरी लागायची शक्यता कमी होते.

कल्पना जुनी आहे. चंद्रावर माणसे नेणाऱ्या अपोलो यानांच्या संगणकात अशी योजना होती आणि तिचे नावच 'नाइट वॉचमन' होते. प्रोग्रॅमने एका ठरावीक जागेकडे वेळोवेळी पाहिले नाही, तर संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू केला जाई. 1969 साली जे लागले ते आज आपल्या गच्चीवरच्या टाकीला लागते, यात हसण्यासारखे काही नाही. दोन्हीकडे बटण दाबायला कोणी जवळ नसते.

आमच्या काही सहकारी शिक्षकांचा याला विरोध आहे आणि तो विचार करण्यासारखा आहे. त्यांचे म्हणणे असे की, राखणदार दिला की मुले चुका शोधणार नाहीत. प्रोग्रॅम दर दोन मिनिटांनी पडेल, उठेल आणि सगळे छान चालले आहे असे वाटत राहील. हे खरे आहे, आणि असे होताना आम्ही पाहिलेही आहे. पण त्याचा उपाय राखणदार काढून टाकणे हा नव्हे. त्याला वही देणे हा आहे. चिप कोणत्या कारणाने पुन्हा सुरू झाली याची खूण चिप स्वतःच ठेवते: वीज आल्यामुळे, बटण दाबल्यामुळे, व्होल्टेज बुडाल्यामुळे की राखणदारामुळे. ती खूण सुरुवातीलाच वाचावी आणि राखणदाराने उठवले असेल तर कायम टिकणाऱ्या स्मृतीत एक आकडा वाढवावा. (काही बूटलोडर ही खूण आधीच पुसतात, तेव्हा आकडा शून्यच राहिला तर लगेच निश्चिंत होऊ नये.) आठवड्याने आकडा पाहावा. शून्य असेल तर उत्तम, चाळीस असेल तर शनिवारी बसून कारण शोधावे.

या बाबतीत मंगळावरचे उदाहरण आम्हाला फार आवडते. 'मार्स पाथफाइंडर' हे यान 4 जुलै 1997 रोजी मंगळावर उतरले आणि काही दिवसांतच त्याचा संगणक अधूनमधून स्वतःहून रीसेट होऊ लागला. प्रत्येक वेळी त्या दिवशीचे उरलेले काम दुसऱ्या दिवसावर जाई. कारण मजेदार होते. संगणकात निरनिराळ्या कामांना मान ठरवून दिलेला होता. माहितीची ने-आण सांभाळणाऱ्या कामाचा मान मोठा, हवामान नोंदवणाऱ्याचा लहान, संदेशवहनाचा मधला. एका सामाईक खोलीची किल्ली हवामानवाल्याने घेतलेली असे. मोठा मानकरी किल्लीसाठी दाराशी थांबे. तेवढ्यात मधला येऊन हवामानवाल्याला बाजूला सारी आणि आपले लांबलचक काम करत बसे. त्यामुळे किल्ली सुटत नसे आणि मोठ्याचे काम वेळेत होत नसे. ते झाले नाही हे पाहून राखणदार रीसेट करी. पृथ्वीवर तशाच यंत्रणेवर अभियंत्यांनी हाच प्रकार घडवून आणला, बारीकसारीक नोंदींवरून कारण पकडले आणि दुरुस्ती रेडिओने मंगळावर पाठवली. किल्ली ज्याच्याकडे आहे त्याला तेवढ्यापुरता मोठ्याचा मान द्यायचा, ही ती दुरुस्ती. राखणदाराने रोग बरा केला नाही. पण रोग सापडेपर्यंत रोगी जिवंत ठेवला.

याच्या उलट गोष्ट 'क्लेमेंटाइन' या यानाची. जानेवारी 1994 मध्ये निघालेल्या या यानाने चंद्राचे नकाशे उत्तम काढले. तेथून ते जिओग्राफोस या लघुग्रहाकडे जायचे होते. 7 मे 1994 रोजी त्याच्या संगणकात बिघाड झाला, एक इंजिन चालूच राहिले आणि सुमारे अकरा मिनिटांत इंधन संपले. यान मिनिटाला ऐंशी फेऱ्यांनी गरगरू लागले आणि लघुग्रहाची भेट रद्द झाली. त्याच्या प्रोसेसरमध्ये वॉचडॉगची सोय होती, पण ती वापरलेली नव्हती. आमच्या सोसायटीच्या मोटरची गोष्ट यापेक्षा फार वेगळी आहे का, हे वाचकांनीच ठरवावे.

मात्र राखणदार ठेवला म्हणजे झाले असेही नाही. हजेरी कोठून द्यायची यातच सगळी मेख आहे. मुलांना एक पळवाट लवकर सापडते: टायमर इंटरप्टमधून दर सेकंदाला हजेरी लावून टाकायची. मुख्य लूप मेलेला असला तरी इंटरप्ट चालू राहतो आणि हजेरी लागत राहते. वर्गात झोपलेल्या मुलाची 'हजर' शेजाऱ्याने म्हणावी तसे. मोठ्यांच्या जगातही याच मुद्द्यावर वाद झालेला आहे. 2013 साली अमेरिकेतील ओक्लाहोमा येथे टोयोटाच्या गाडीच्या अनियंत्रित वेगाबद्दलच्या खटल्यात तज्ज्ञ साक्षीदार मायकेल बार यांनी साक्ष दिली की, गाडीच्या संगणकातला वॉचडॉग टायमरच्या ठोक्यावरून हजेरी घेत होता, त्यामुळे एखादे महत्त्वाचे काम मेले तरी ते त्याला कळले नसते. ज्युरीचा निकाल कंपनीविरुद्ध गेला. त्याआधी 2011 मध्ये आलेल्या नासाच्या अभ्यासात इलेक्ट्रॉनिक कारण सिद्ध झालेले नव्हते, हेही सांगितले पाहिजे. दोष कोणाचा हा आमचा विषय नाही. नववीच्या मुलाने घ्यायचा धडा एवढाच की हजेरी एकाच ठिकाणी, मुख्य लूपच्या शेवटी द्यावी, आणि तीही पातळी मोजली, निर्णय घेतला, रिलेला सांगितले ही सर्व कामे झाल्याची खात्री करूनच.

दुसरी अडचण मुदतीची. मोबाइलचे सिम घातलेल्या जीएसएम मॉड्यूलला नेटवर्क सापडायला कधी कधी अर्धा मिनिट लागतो. राखणदार जास्तीत जास्त 8 सेकंद थांबतो. मग मुले एक तर राखणदारच बंद करतात किंवा वाट पाहण्याच्या लूपमध्येच हजेरी लावतात. दुसरा प्रकार पहिल्याहून वाईट, कारण ज्या जागी अडकायचे त्याच जागी राखणदाराला गप्प केलेले असते. वाट पाहावी लागली तर ती मोजून पाहावी: साठ सेकंदांत नेटवर्क मिळाले नाही तर ते काम सोडून पुढे जावे. टाकीचे काम मेसेजवाचून अडू नये.

तिसरी गोष्ट बाजारातल्या स्वस्त नॅनो बोर्डांची. यातल्या बऱ्याच बोर्डांवर जुना बूटलोडर असतो. राखणदाराने रीसेट केल्यावर मोजणी सर्वांत छोट्या मुदतीने, म्हणजे 16 मिलिसेकंदांनी, चालूच राहते. जुना बूटलोडर ती बंद करत नाही. प्रोग्रॅम सुरू होण्याआधीच पुन्हा रीसेट, पुन्हा रीसेट. बोर्डावरचा दिवा भराभर लुकलुकत राहतो आणि मुले बोर्ड खराब झाला म्हणून फेकून देतात. बोर्ड खराब नसतो. त्याची वीज पूर्ण काढून पुन्हा द्यावी, नंतर दुसऱ्या उनोच्या मदतीने नवा ऑप्टिबूट बूटलोडर चढवून घ्यावा. प्रयोगशाळेच्या डब्यात 'खराब' म्हणून टाकलेले बोर्ड या नजरेने एकदा तपासावेत, अशी आमची सूचना आहे. वायफायच्या ईएसपी8266 बोर्डांचे याच्या उलट आहे. तेथे राखणदार आधीपासूनच जागा असतो, आणि मुलांचा प्रोग्रॅम लूपमध्ये फार वेळ रेंगाळला की तो पाडतो. मुले बोर्डाला नावे ठेवतात. वास्तविक बोर्ड त्यांना चूक दाखवत असतो.

आणखी एक बारकावा. आय-टू-सीवरचा एखादा सेन्सर अर्धवट उत्तर देताना अडकला तर तो माहितीची तार खाली दाबून धरतो. राखणदार चिपला उठवतो, पण सेन्सरची वीज गेलेलीच नसते, त्यामुळे तो तसाच अडकलेला राहतो आणि चिप पुन्हा त्याच जागी अडकते. यासाठी सुरुवातीलाच घड्याळाच्या तारेवर नऊ ठोके द्यावेत म्हणजे बहुतेक सेन्सर तार सोडतात. किंवा सेन्सरची वीज ट्रान्झिस्टरमधून द्यावी म्हणजे तीही काढून परत देता येते.

आणि काही गोष्टी राखणदाराच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. मोटर सुरू होताना येणाऱ्या मोठ्या करंटमुळे छोट्या रिलेचे पॉइंट कधी कधी चिकटून बसतात. मग चिप कितीही वेळा उठली तरी मोटर बंद होणार नाही. म्हणून मोटरला योग्य क्षमतेचा कॉन्टॅक्टर लावावा आणि टाकीत साधा फ्लोट स्विच असावाच. तो चिपला विचारत नाही, थेट मोटरची लाइन तोडतो. रीसेटच्या वेळी पिना मोकळ्या सुटतात; त्या क्षणी रिले बंदच राहील अशी जोडणी आहे ना, हेही पाहावे. उलट, रेषेवरून धावणाऱ्या खेळण्यातल्या गाडीला यातले काहीही नको. ती थांबली तर मूल बटण दाबेल, आणि तीच त्याची मजा आहे. प्रत्येक प्रकल्पाला राखणदाराची सक्ती करा असे आम्ही म्हणत नाही.

हे सगळे कॉलेजचे विषय आहेत, शाळेत कशाला, असेही पालक विचारतात. ज्या वयात मूल सोसायटीच्या मोटरला हात घालते, त्या वयात त्याला हे ठाऊक असायला हवे, एवढेच आमचे उत्तर आहे. अटल टिंकरिंग लॅबची योजना सहावीपासून आहे. सहावीच्या मुलाच्या हाती बोर्ड दिला जातो तर नववीत त्याला राखणदाराची ओळख व्हायला हरकत नसावी.

आमची मागणी मोठी नाही. प्रकल्पाच्या कागदावर उद्देश, साहित्य, कृती असे रकाने असतात. त्यात आणखी दोन प्रश्न घालावेत: प्रोग्रॅम अडकला तर यंत्र कोणत्या स्थितीत राहील? आणि ते कोणाला कळेल? परीक्षकांनी चालते यंत्र पाहून गुण देऊ नयेत, अडकवून पाहावे. डिस्प्लेची तार नुसती काढून बहुधा काही होत नाही, उत्तर नाही एवढे चिपला कळते आणि ती पुढे जाते. त्याऐवजी माहितीची तार, म्हणजे एसडीए, यंत्र चालू असताना ग्राउंडला टेकवून धरावी. या तारेची रचनाच अशी आहे की त्याने काही जळत नाही. मोटर बंद झाली पाहिजे, तार सोडल्यावर यंत्राने स्वतःहून उठले पाहिजे आणि वहीतला आकडा वाढला पाहिजे. पन्नासपैकी दहा गुण यासाठी ठेवावेत, असे आम्ही विज्ञान समितीला कळवले आहे.

वर सांगितलेला विद्यार्थी आता अकरावीत आहे. त्याचे खोके त्याने परत मागवून घेतले आहे. डिस्प्लेच्या तारा आखूड केल्या आहेत, फ्लोट स्विच बसवला आहे, आणि गेले सहा आठवडे ते प्रयोगशाळेच्या मागच्या टाकीवर चालते आहे. आकडा तीनवर आहे. तिन्ही वेळा पंप सुरू होतानाच रीसेट झाला आहे, तेव्हा आता पॉवर सप्लायकडे पाहायचे ठरले आहे. सेक्रेटरी काकांना दर पंधरा दिवसांनी आकडा कळवला जातो. खोके परत लावायचे की नाही हे त्यांनी अजून सांगितलेले नाही.